पार्किंगमागची खोली कुणाची?



आपल्या पार्किंगमागच्या खोलीत वॉचमनचा संसार आहे. त्यावरून मला नेहमी विचारतात, "साहेब, बारा वर्षं झाली की खोली त्याची होते ना?"

नाही होत. गोव्यातील एका बहीण-भावाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2012 रोजी हे स्पष्ट केलं. राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला, तरी त्याचा ताबा मालकाच्या वतीनेच असतो. त्यातून हक्क निर्माण होत नाही.

मात्र भाडं घेऊन पावती दिली, तर गोष्ट वेगळी. मग तो भाडेकरू असल्याचं म्हणू शकतो आणि 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आड येतो. म्हणून पगारातून 'खोलीचे' म्हणून पैसे कापू नका.

बँकेत आम्ही म्हणायचो, आधी कागद, मग कर्ज. इथेही तेच. खोली नोकरीपुरती, भाडं नाही, नोकरी सुटल्यावर किती दिवसांत रिकामी करायची, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कागद त्याच्याही कामाचा, कारण मग कुणी उद्या सकाळी निघ म्हणू शकत नाही.

आणि हक्क नाही म्हणजे सामान रस्त्यावर फेकायची मुभा, असं नव्हे. वाद झालाच तर मार्ग कोर्टाचा. त्याआधी थकलेला पगार चुकता करावा, मुलांची परीक्षा होऊ द्यावी. पंचवीस वर्षं ज्यांच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपलो, त्यांचं एवढं देणं लागतोच.