कळलावी ओळखा, कंद खाऊ नका
(खरवई येथे गटांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



हप्त्यांचा हिशोब झाला, आता पाच मिनिटं कळलावीबद्दल बोलते. कोणी तिला अग्निशिखा म्हणतं, कोणी गौरीचे हात. समुद्रकाठच्या झाडीपासून आपल्याकडच्या कुंपणांपर्यंत ती पावसात आपोआप उगवते. सहा नागमोडी पाकळ्या, खाली पिवळ्या, वर लाल, ज्वाळेसारख्या वळलेल्या. पानाचं टोक गुंडाळून शेजारच्या झाडाला धरतं. ही खूण लक्षात ठेवा.

फूल देखणं, पण सगळी वेल विषारी, कंद तर फारच. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. पाऊस सरला की वेल वाळते, कंद जमिनीत राहतो. नेमकं तेव्हाच आपण कणगर, करांदे खणतो. म्हणून नियम एकच: वेल ओळखली नसेल तर कंद घ्यायचा नाही, विकायचा तर नाहीच.

नावातच कळ आहे. पूर्वी बाळंतपण अडलं की हा कंद उगाळून बेंबीवर, तळपायाला लावायचे. आजही कोणी सुचवेल. ऐकू नका. पोटात गेला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतेल. कळा सुरू झाल्या की 108 ला फोन आणि थेट दवाखाना.

चुकून खाल्लाच, तर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात आग सुरू होते. जुलाब थांबले म्हणजे बरं झालं असं नाही. पुढच्या दिवसांत मूत्रपिंड, रक्त बिघडू शकतं. लगेच दवाखान्यात न्या, उरलेला कंद सोबत घ्या.

कोणी म्हणेल, यापासून औषध बनतं ना? बनतं. गाउट या सांधेदुखीवर कोल्चिसिन देतात. तामिळनाडूचं हे राज्यफूल, तिथे बियांसाठी शेतीही होते. पण ते औषध कारखान्यात शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. आपल्या सहाणेवर कसलं मोजमाप?

आणि हो, फूल घरात आणलं की भांडण लागतं म्हणतात. आपल्या गटात भांडण लागतं ते थकलेल्या हप्त्यावरून! वेल उपटू नका, लांबून बघा, पोरांना दाखवा.

आज एवढंच ठरवू: रानभाजी विक्रीला जाणारी प्रत्येक टोपली गटातल्या दोन जाणत्या मावश्या आधी तपासतील. मंजूर असेल तर हात वर करा.