धोरणे बदलतात, दार उघडे राहिले पाहिजे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या कचेरीच्या खिडकीशी जी गर्दी उसळते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. अशाच एका गर्दीत काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि मुलीची गुणपत्रिका. ज्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर ते आले होते तिचे नियम बदलले होते. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "सर, नियम दिल्लीत बदलला हे समजले. पण आता कॉलेज काय करणार?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे, असे समजा.

उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हाला थोडे दूर, अमेरिकेत नेणार आहे. तेथे 'कम्युनिटी कॉलेज' नावाची संस्था आहे. येथे 'कम्युनिटी' म्हणजे जमात नव्हे. कम्युनिटी म्हणजे परिसर, पंचक्रोशी. त्या भागात राहणाऱ्या कोणालाही, फारशी गुणांची अट न घालता, कमी फीमध्ये दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणारे हे कॉलेज. कोणी तेथे परिचारिकेचे शिक्षण घेतो, कोणी वेल्डिंग शिकतो, कोणी दोन वर्षे पुरी करून विद्यापीठात पुढच्या वर्गात जातो. दिवसा नोकरी आणि रात्री वर्ग, असे विद्यार्थी तेथे फार. आज अशी हजाराच्या आसपास कॉलेजे त्या देशात आहेत.

हे उदाहरण मी का निवडले? ही कॉलेजे तेथील केंद्र सरकार, म्हणजे फेडरल सरकार, चालवत नाही. ती स्थानिक मंडळे आणि राज्ये चालवतात. पण गरीब विद्यार्थ्याच्या फीचा मोठा आधार मात्र वॉशिंग्टनहून येतो. म्हणजे घर आपले, पण विहिरीची दोरी दुसऱ्याच्या हाती. आपल्यासारख्या संस्थांची स्थिती याहून फार वेगळी आहे काय?

या कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाली. एका हायस्कूलच्या आश्रयाने, अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी. पुढे १९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा झाला आणि सरकारी खर्चाने बावीस लाखांच्या आसपास माजी सैनिक कॉलेजांत शिकले. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजे असावीत असा आग्रह धरला. १९६० ते १९७० या दशकात तर चारशेहून अधिक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे उघडली. १९६५ साली उच्च शिक्षणाचा कायदा झाला आणि १९७२ साली त्यात एक महत्त्वाचा निर्णय झाला. मदतीचा मुख्य पैसा कॉलेजला न देता गरजू विद्यार्थ्याला द्यायचा. तो जिथे शिकेल तिथे पैसा त्याच्यामागून जाईल. यालाच १९८० पासून सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने 'पेल ग्रँट' म्हणतात. २०२४-२५ साली या मदतीची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर होती, तर कम्युनिटी कॉलेजची सरासरी वार्षिक फी सुमारे चार हजार डॉलर. म्हणजे फी भागून पुस्तकांना आणि बसभाड्यालाही काही उरावे.

ऐकायला किती सोपे वाटते! पण मित्रहो, पैसा आला की त्यामागून नियम येतो, आणि नियम स्थिर राहत नाही. तीन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग कर्जाचा. अनुदानाबरोबर सरकारी शैक्षणिक कर्जही असते. सरकारने नियम केला की ज्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कर्ज थकवणाऱ्यांचे प्रमाण सलग तीन वर्षे शेकडा तीस किंवा त्याहून जास्त राहील, त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची कर्जेच नव्हे तर पेल अनुदानही बंद होऊ शकेल. कम्युनिटी कॉलेजांत बहुतेक मुले गरीब, आणि कर्ज घेणारे थोडे. त्या थोड्यांतले काही बुडाले तरी प्रमाण लगेच फुगते. मग कित्येक कॉलेजांनी काय केले? ती कर्ज योजनेतून स्वतःच बाहेर पडली. अनुदान वाचले, कॉलेज वाचले. पण ज्या मुलाला घरभाड्यासाठी थोडे कर्ज हवे होते, त्याच्यापुढे महाग खाजगी कर्ज किंवा शिक्षण सोडणे, एवढेच मार्ग उरले. दुसऱ्या काही कॉलेजांनी कर्ज चालू ठेवले आणि प्रत्येक कर्जदाराला बसवून समजावले, कॉलेज सोडून गेलेल्यांनाही फोन करून हप्त्यांची आठवण दिली. नियम एकच होता. एकाने त्याचा भार विद्यार्थ्यावर टाकला, दुसऱ्याने तो स्वतःच्या खांद्यावर घेतला.

दुसरा प्रसंग २०१२ सालचा. तोपर्यंत ज्याने हायस्कूल पुरे केले नाही, पण जो परीक्षा देऊन आपली शिकण्याची कुवत दाखवील, त्यालाही अनुदान मिळत असे. १ जुलै २०१२ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ही सवलत बंद झाली. त्याच वर्षी पेल अनुदान आयुष्यात अठराऐवजी बाराच सत्रांसाठी मिळेल असेही ठरले. शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी हा मोठाच आघात होता. पण काही कॉलेजांनी हार मानली नाही. त्यांनी हायस्कूलची तयारी आणि धंद्याचे शिक्षण एकाच वेळी देणारे वर्ग चालवले. एका खोलीत दोन शिक्षक, एक भाषा-गणिताचा, दुसरा कसबाचा. २०१४ अखेरीस काँग्रेसने ती सवलत अंशतः परत आणली, ती नेमकी अशाच जोडशिक्षणात दाखल होणाऱ्यांसाठी. सरकारने दार बंद केले तेव्हा ज्यांनी खिडकी उघडी ठेवली होती, त्यांच्या कामाचे मोल पुढे कायद्यालाही पटले.

तिसरा प्रसंग २०२० च्या महामारीचा. मार्च महिन्यात अमेरिकेने कॉलेजांसाठी सुमारे चौदा अब्ज डॉलर मंजूर केले. पण वाटपाचे सूत्र असे होते की पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या मापाने डोकी मोजायची. म्हणजे अर्धवेळ शिकणारा पूर्ण एक म्हणून मोजला जात नसे. जेथे बहुसंख्य विद्यार्थी कामकरी आणि अर्धवेळ, त्या कम्युनिटी कॉलेजांच्या वाट्याला साहजिकच कमी आले. अर्धवेळ शिकणाऱ्याची भूक काही अर्धी नसते! कॉलेजांनी आणि त्यांच्या संघटनेने हे मुद्देसूदपणे मांडले. डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या कायद्यात प्रत्यक्ष डोकी मोजण्याचाही समावेश झाला. पुढे मिळालेल्या पैशातून काही कॉलेजांनी विद्यार्थ्यांची थकलेली फी माफ केली आणि त्यांना पुन्हा वर्गात बोलावले. येथे शिकण्यासारखे काय आहे? तक्रार आकड्यांनिशी केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता वाढते. नुसता आक्रोश कोणी मोजत नाही.

आता ताजी गोष्ट. ४ जुलै २०२५ रोजी तेथे झालेल्या कायद्याने आठ ते पंधरा आठवड्यांच्या आतील छोट्या धंदेशिक्षणासाठीही पेल अनुदान खुले करण्याचे ठरवले, आणि त्यासाठी १ जुलै २०२६ ही तारीख घातली. पण अट अशी की अशा वर्गातील किमान सत्तर टक्के विद्यार्थ्यांनी तो पुरा केला पाहिजे आणि सत्तर टक्क्यांना काम मिळाले पाहिजे. अट वाईट नाही. निरुपयोगी वर्ग काढून गरिबांचा पैसा लुटणाऱ्यांना आळा बसलाच पाहिजे. पण याच अटीत एक मोह लपलेला आहे. सत्तर टक्के गाठायचे तर जो सहज पास होईल, ज्याला सहज नोकरी लागेल, त्यालाच प्रवेश द्यावा. आणि लेकुरवाळी बाई, इंग्रजी कच्चे असलेला मजूर, तुरुंगातून सुटलेला तरुण, यांना हळूच बाजूला सारावे. ज्यांच्यासाठी कॉलेज काढले तेच बाहेर राहिले, तर टक्केवारी घेऊन करायचे काय?

पालकहो, आता आपल्या घराकडे येऊ. आपणही बदलते नियम पाहिले आहेत. २०२२-२३ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्रीय मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. पहिली ते आठवीचे शिक्षण कायद्याने मोफत आहे, असे कारण सरकारने दिले. त्याच वर्षीपासून संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही, जी २००९ साली सुरू झाली होती, बंद करण्यात आली. हे निर्णय बरोबर की चूक, यावर मते मांडण्याचा हक्क आपल्या सर्वांना आहे आणि तो सनदशीर मार्गाने बजावलाही पाहिजे. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. पण चालवण्याचा हक्क म्हणजे चालवण्याची जबाबदारीही. आपल्या कमतरतेचे खापर प्रत्येक वेळी दिल्लीवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग कॉलेजने काय करावे? मला चार गोष्टी सुचतात.

एक, नियम वाचणारा माणूस नेमावा. सरकारी परिपत्रक आले की ते फायलीत न जाता आठ दिवसांत साध्या मराठीत आणि उर्दूत सूचनाफलकावर लागले पाहिजे. पुष्कळ मुलांची मदत नियमाने जात नाही, मुदत टळल्याने जाते. अमेरिकेत २०२३-२४ साली मदतीच्या अर्जाचा नमुना बदलला. एरवी ऑक्टोबरात खुला होणारा अर्ज डिसेंबरच्या अखेरीस खुला झाला. तेव्हा कॉलेजांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पालकांना बोलावून, शेजारी बसून अर्ज भरून घेतले. एवढे तर आपणही करू शकतो. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

दोन, एकाच योजनेवर कॉलेजचा संसार उभा करू नये. माजी विद्यार्थ्यांनी आणि समाजातील कमावत्या मंडळींनी दरमहा थोडे थोडे घातले तरी एक अडचण-निधी उभा राहतो. शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून एकाही मुलीचे नाव पटावरून निघू नये, एवढेच त्याचे काम.

तीन, नोंदी ठेवाव्यात. किती मुले आली, किती गळाली, का गळाली, पुढे काय करतात. ज्या संस्थेला आपलीच मुले मोजता येत नाहीत, तिचे गाऱ्हाणे मंत्रालयात कोण ऐकणार?

चार, आणि सर्वांत महत्त्वाची. निकालाच्या टक्केवारीसाठी दुबळ्या मुलाला दारातून परत पाठवू नये. नव्वद टक्केवाल्याला शंभर दारे आहेत. चाळीस टक्केवाल्याला बहुधा आपलेच एक.

पालकहो, तुमच्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, आधार जोडणी ही कामे जूनमध्ये धावत करण्याऐवजी उन्हाळ्यातच उरकून ठेवा. आणि मदत बंद झाली म्हणून मुलीला घरी बसवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा कॉलेजात येऊन बोला. विद्यार्थी मित्रांनो, जो नियम तुमच्या फीचा प्रश्न ठरवतो, तो स्वतः वाचायला शिका. ही सुद्धा तालीमच आहे.

त्या गृहस्थांना मी आज काय सांगेन? मी सांगेन, "भाईसाहेब, दिल्लीचा नियम बदलणे आमच्या हाती नाही. पण तुमच्या मुलीचा अर्ज आम्ही तुमच्याबरोबर बसून भरू, पैसा येईपर्यंत तिची जागा राखू, आणि ती गळाली तर तो आमचा दोष मानू." हे वाक्य आपल्या कचेरीतला प्रत्येक माणूस मनापासून म्हणू शकला, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

जय हिंद!