तूर घरची, पण फुकटची नाही

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेले भाषण)



मागची बैठक संपल्यावर चार-पाच जणांनी मला बाजूला घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊ, डाळ मिल टाकू का?" तेव्हा मी 'पाहू' म्हणून वेळ मारून नेली. आज त्याचे उत्तर देतो.

1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती अशी चार अंगे मांडली. त्यातली माजघर शेती म्हणजे पिकवलेल्या मालावर घरातच काही काम करून मग तो विकणे. आपण टाळ्या वाजवल्या आणि गावाकडे येऊन पुन्हा तूर पोत्यात भरून अडत्याच्या दारात नेली. आपण माल विकत नाही, टाकून येतो. कापसाच्या बाबतीत तर 1972 पासून कित्येक वर्षे एकाधिकार खरेदीने आपल्याला दुसरीकडे विकण्याची मुभाच ठेवली नव्हती. विकणे हे कामच आपल्या हाताला लागले नाही.

आपल्या पऱ्हाटीत आणि ज्वारीत तुरीचे तास असतेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळ मिल तयार केली, ती तुमच्या-माझ्यासारख्यासाठीच. तूर चाळायची, लहान-मोठा दाणा वेगळा करायचा, रोलरवर टरफलाला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा, मुरू द्यायची, उन्हात वाळवायची, पाणी मारून रात्रभर ढीग घालायचा, पुन्हा वाळवायची आणि मग डाळ पाडायची. यातली अर्धी कामे आपल्या आया चैत्र-वैशाखात अंगणात करीतच होत्या. म्हणजे यंत्र चालवणे अवघड नाही. धंदा बुडतो तो हिशेबात.

एका गावात मी डाळ मिलवाल्याची वही पाहिली. विजेचे बिल होते, मजुरी होती, तेल होते. तुरीची किंमत कुठेच नव्हती. मी विचारले तर म्हणाला, "तूर तर घरचीच आहे ना!" पुढे विचारले, बायको दिवसभर वाळवण उलटते तिची मजुरी? तो हसला. अरे, सरकार आपल्या मालाचा खर्च काढताना घरच्यांची राबणूक नीट धरत नाही म्हणून आपण रस्ते अडवले, तुरुंगात गेलो. आणि घरच्या वहीत आपणच तो अन्याय करतो!

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही आपापले घाला. त्या दिवशी बाजारात तूर 7000 रुपये क्विंटल आहे असे समजा. घरची असली तरी वहीत 7000 च लिहायचे. तेल, वीज, मजुरी (घरची धरून), पिशव्या, रोलरची झीज आणि कर्जाचे व्याज मिळून 700. चुनी-भुशाचे आले 500. म्हणजे डाळ पडली 7200 रुपयांना. क्विंटलाला 70 किलो डाळ उतरली तर किलोला सुमारे 103 रुपये. पण वाळवण कच्चे राहिले, दाणा सारखा नव्हता आणि 65 च किलो उतरली, तर तीच डाळ 111 रुपयांना पडते. चुनी थोडी जास्त निघेल हे मान्य, पण पाच किलोंच्या उताऱ्यात किलोमागे सात-आठ रुपये गेले. ज्याला आपण नफा म्हणणार होतो तो तिथेच संपला. म्हणून प्रत्येक घाण्याला तूर किती घातली, डाळ किती आली, चुनी किती आली, हे वजन करून लिहा. आठवड्याने आठवून लिहिलेला हिशेब हा हिशेब नसतो.

मी कृषीचा पदवीधर. तरी फसलोच. सुरुवातीच्या वर्षी मित्रांबरोबर डाळ केली आणि शहरातल्या एका खानावळीला उधारीवर घातली. पहिले दोन हप्ते रोख आले, मग 'पुढच्या महिन्यात' सुरू झाले. चौथ्या महिन्यात खानावळीला कुलूप. आमचे भांडवल तिथे शिजले. तेव्हापासून नियम एकच: पहिल्या मालाचे पैसे आल्याशिवाय दुसरा माल नाही, मग तो सोयरा असो की सभापती.

नवख्याने पहिले वर्ष तरी मजुरीवर चालवावे. गावातल्या लोकांची तूर घ्यायची, डाळ करून द्यायची, किलोमागे मजुरी घ्यायची. माल त्यांचा, भावाची जोखीम त्यांची, तुमचा हात बसतो. ही जोखीम लहान नाही. 2015 साली तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, लोकांनी तूर पेरली, आणि 2017 मध्ये 5050 चा हमीभाव जाहीर असताना आपण बारदाना नाही म्हणून खरेदी केंद्रावर पोत्यांवर झोपलो. 2023 च्या जूनमध्ये सरकारने तुरीवर साठ्याची मर्यादा घातली. भाव चढला की हात घालायचा आणि पडला की पाठ फिरवायची, हे सरकारचे जुने वळण आहे. त्यावर लढू, पण तोवर घरातली सगळी तूर एकाच भावावर लावू नका.

गिऱ्हाईक कसे मिळवायचे? किराणा दुकानदाराकडे आधी जाऊ नका, तो सगळ्यात स्वस्त मागेल. तालुक्याला शिक्षकांची, एसटीवाल्यांची घरे आहेत. पावशेर डाळ नमुन्याला द्या आणि पंधरा दिवसांनी जाऊन विचारा, शिजली कशी, खडा लागला का. हे विचारायला बाई गेली तर दुसरी बाई खरे सांगते; पुरुषाला 'चांगली आहे' म्हणून वाटेला लावतात. चकाकी नसेल तर आधीच सांगा की पॉलिश केलेली नाही. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली पोरे आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर वाळवणाचा फोटो टाका, पण भाव आणि वजनही त्यातच लिहा.

पिशवी बंद करून विकायची तर तिच्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किंमत आणि तक्रारीसाठी फोन छापावा लागतो. अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. 18 जुलै 2022 पासून छापील बंद पिशवीतल्या डाळीला जीएसटीही लागू झाला. तुमच्या उलाढालीला नोंदणी लागते की नाही, ते जाणकाराला आधी विचारून घ्या. आणि किलोच्या पिशवीत किलोच भरा. अडत्याच्या काट्यावर आपण भांडलो आहोत, आपला काटा तरी सरळ असावा.

अनुदानाचे शेवटी सांगतो. अनुदान बसते म्हणून मिल घेणाऱ्याची मिल दोन वर्षांत कडब्याखाली जाते, हे मी पाहिले आहे. अनुदान वजा करून नव्हे, पूर्ण किमतीवर हिशेब बसतो का ते पाहा. बसत असेल तर मिळालेले घ्या.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे मिल आहे त्यांनी वही बरोबर आणावी. तोट्याची असली तरी आणावी. जेवणानंतर आपण ती सगळ्यांसमोर उघडून बसू.