धोका वेगळा, धास्ती वेगळी



माझ्या अम्मीला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा ती ४२ वर्षांची होती. त्याआधी खालाला झाला होता. अम्मी उपचारांनी बरी झाली, पण घरातली भीती गेली नाही. ‘हे मी माझ्या मुलींना तर दिलं नाही ना?’ या विचारानं तिला रात्र-रात्र झोप लागायची नाही. मी दिवसातून चार-चार वेळा गाठ चाचपून बघायचे. धाकटी बहीण मात्र डॉक्टरांचं नाव काढलं की उठून जायची. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, कारण आमची लग्नं व्हायची होती.

धोका आणि धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इलाज दोन्हींवर लागतो.

आधी धोका समजून घेऊ. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. आई-वडिलांपैकी एकात हा दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी. तो अब्बांकडूनही येतो, म्हणून फुफूच्या आजाराचीही नोंद ठेवा. आणि दोष असला म्हणजे आजार होईलच, असं नाही.

आम्ही जनुकीय समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी तीन पिढ्यांचा तक्ता काढला. चाचणी आधी अम्मीची केली, कारण आजार झालेल्या व्यक्तीत दोष सापडला तरच बाकीच्यांच्या चाचणीचा नेमका अर्थ लागतो. तिच्यात सापडला. माझ्यातही. बहिणीत नाही.

सुटली म्हणून बहीण खूश होईल असं वाटलं होतं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. ‘मीच का वाचले?’ हेही एक दुखणंच आहे. मला मात्र त्या रात्री झोप लागली. आता दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी ठरलेली आहे. रोजचं चाचपणं थांबलं. लग्नाआधी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, ‘तपासणीला कधी जायचं?’

भीतीनं झोप उडत असेल, तपासणी टळत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. समुपदेशकाची, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. त्यात लाज कसली?

अम्मीला मी एकच सांगते: ‘जनुक तू निवडून दिलं नाहीस. पण आजार लपवला नाहीस, म्हणून मी वेळेवर सावध झाले.’