डीबगर गप्प का बसतो?



सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. प्रोग्राम चुकीचं उत्तर देतोय म्हणून डीबगर लावला, टेम्प्लेट फंक्शनवर ब्रेकपॉइंट टाकला, प्रोग्राम तिथे थांबलाही. आता आतली लोकल व्हेरिएबल्स बघायची, तर डीबगर हात वर करतो. मेनमधली दिसतात, साध्या फंक्शनमधली दिसतात, टेम्प्लेटमधली तेवढी नाहीत. मग कोणी डीबगरला नावं ठेवतं, कोणी टेम्प्लेटला, आणि शेवटी सगळे 'सीआउट'वर येतात. ओळीओळीला छापून बघायचं. चालतं तेही. पण टेम्प्लेट असतं हेडर फाइलमध्ये. तिथे एक ओळ बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल होतात, आणि चहा पिऊन आलं तरी बिल्ड सुरूच असतो.

लिनक्सवरचा जीडीबी घेऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. हा डीबगर व्हेरिएबल स्वतः हुडकत नाही. कंपायलरनं लिहून ठेवलेली टिपणं वाचतो. 'टोटल' नावाचं व्हेरिएबल, प्रकार डबल, स्टॅकवर अमुक जागी, किंवा या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत अमुक रजिस्टरमध्ये. टिपणांच्या या पद्धतीचं नाव ड्वॉर्फ. कंपाइल करताना 'डॅश जी' दिलं तरच ती लिहिली जातात.

आता 'इन्फो लोकल्स' असं विचारल्यावर जीडीबी नेमकं काय म्हणतो, ते शब्दन् शब्द वाचा. घाईत आपण सगळ्याचा अर्थ 'दिसत नाही' एवढाच लावतो. 'नो लोकल्स' म्हणाला, तर टिपणं आहेत, पण तुम्ही उभे आहात तिथे व्हेरिएबलच नाही; फ्रेम बदलून पाहा. 'ऑप्टिमाइझ्ड आउट' म्हणाला, तर नाव माहीत आहे, पण किंमत त्या क्षणी कुठेच शिल्लक नाही. 'ओ टू'वर कंपाइल केलं की कंपायलर असली साफसफाई करणारच. 'ओ झिरो' किंवा 'ओ जी' वापरा. यात गूढ काही नाही.

गूढ आहे ते तिसऱ्या उत्तरात: 'नो सिम्बॉल टेबल इन्फो अव्हेलेबल'. म्हणजे टिपणच नाही. आणि तुम्ही तर 'डॅश जी' लावूनच कंपाइल केलेलं असतं! इथे टेम्प्लेटचा स्वभाव आड येतो. समजा, 'फाइंडमॅक्स' हे टेम्प्लेट 'मेन' आणि 'ऑडिट' अशा दोन फाइलींमध्ये डबलसाठी वापरलंय. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो, त्यामुळे तो दोन्हीकडे 'फाइंडमॅक्स'ची प्रत तयार करतो. पुढे लिंकरकडे दोन प्रती पोचतात. रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स आल्या की कारकून वरची फाइलीला लावतो आणि दुसरी टोपलीत टाकतो, तसंच लिंकर करतो: आधी आली ती ठेवतो. कोणती प्रत स्वच्छ आणि कोणती पुसट, हे बघणं त्याचं कामच नाही.

'मेन' तुम्ही 'डॅश जी' आणि 'ओ झिरो'नं केलंय. 'ऑडिट' दुसऱ्या कोणाचं, मेकफाइलमधल्या जुन्या ओळीनं, 'ओ टू'वर, 'डॅश जी'शिवाय झालंय. ऑब्जेक्ट फाइली लिंकरला वर्णानुक्रमे दिल्या असतील, तर 'ऑडिट' आधी येणार. राहिली बिनटिपणाची प्रत. तुमची प्रत गेली, आणि तिच्या टिपणांना बोट दाखवायला कोडच उरला नाही.

हे पकडायचं कसं? बॅकट्रेस पाहा. फ्रेममध्ये फंक्शनचं नाव आहे, पण फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक नाही, असं दिसलं की समजावं. नाव येतं लिंकरच्या सिम्बॉल टेबलमधून, ओळ येते टिपणातून. खात्री करायची तर लिंक करताना 'मेन' आधी द्या. व्हेरिएबल्स लगेच दिसू लागतील. मात्र तिथेच थांबू नका. क्रम बदलला, चाललं, म्हणून मेकफाइल तशीच सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. पुढच्या महिन्यात कोणीतरी 'अकाउंट' नावाची फाइल घालतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

खरा उपाय म्हणजे सगळ्या फाइली 'डॅश जी'नं करा, ग्राहकाला द्यायचा बिल्डसुद्धा. जीसीसीत 'डॅश जी'मुळे तयार होणारा कोड बदलत नाही, फाइल तेवढी फुगते, आणि पाठवण्याआधी ती 'स्ट्रिप' करता येते. ही काटकसर कशासाठी करतात, मला कळलेलं नाही. हे जमत नसेल, तर सी प्लस प्लस अकरापासून 'एक्स्टर्न टेम्प्लेट' आहे: हेडरमध्ये तसं जाहीर करायचं आणि प्रत एकाच, तुमच्या ताब्यातल्या फाइलमध्ये काढायची.

टेम्प्लेट आणि डीबगरचं हे भांडण जुनं आहे. १९९८ च्या व्हिज्युअल सी प्लस प्लस सहामध्ये टिपणातल्या नावाला २५५ अक्षरांची मर्यादा होती. स्ट्रिंगचा साधा मॅप घेतला, तरी त्याचं पूर्ण उलगडलेलं नाव तेवढ्यात मावत नसे. कंपायलर नाव कापायचा आणि ४७८६ क्रमांकाची ताकीद द्यायचा. लोकांनी काय केलं? ताकीद बंद करणारी ओळ प्रत्येक फाइलच्या डोक्यावर चिकटवली.

आजच्या काळातली कुरबुर वेगळी आहे. जीसीसी अकरापासून टिपणं आपोआप ड्वॉर्फ पाचमध्ये लिहिली जातात. कंपायलर नवा आणि सर्व्हरवरचा जीडीबी जुना असेल, तर तो 'राँग व्हर्जन' म्हणून थांबतो. तेव्हा नवा जीडीबी बसवा. तेवढे अधिकार नसतील, तर 'डॅश जीड्वॉर्फ डॅश फोर' देऊन पुन्हा कंपाइल करा. आणि हो, 'ऑडिट'सुद्धा.