उत्तर ध्रुवाची नोंदवही आणि झाशीचा पाऊस



झाशीत मराठी माणसाने बोलावयास उभे राहावे आणि राणी लक्ष्मीबाईंखेरीज अन्य विषय घ्यावा, हे आमच्या चिटणिसांना फारसे रुचलेले नाही. तरीही मी आज उत्तर ध्रुवाविषयी बोलणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. संस्कृत घेऊन बी. ए. झालो आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली हाताळल्या. आकडे कोठून येतात आणि कोठे गहाळ होतात, एवढेच काय ते मला थोडेफार समजते.

निमित्त घडले आमच्या कचेरीतील एका शिपायाचे. मऊरानीपूरच्या बाजूस त्याची थोडी जमीन आहे. एका वर्षी उडीद कापणीस आला असता सप्टेंबरअखेर झड लागली आणि शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. मुलीचे लग्न त्या पिकावर ठरले होते. ते पुढे ढकलले गेले. “साहब, जाते-जाते पानी ऐसा क्यों करता है?” त्याने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तराचा एक धागा पुढे गोव्यात सापडला. वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असे मांडले की, सैबेरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला, तर मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीचा संभव वाढत असावा. उघड्या समुद्राची ऊब वरच्या हवेचे प्रवाह हलवते, ती हालचाल लाटेसारखी युरोपवरून आशियाकडे सरकते आणि तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो. शास्त्रज्ञांनी ‘संभव’ हाच शब्द वापरला आहे आणि तो आपणही सोडू नये. आमच्या शिपायाचा उडीद ध्रुवानेच बुडविला, असे कोणी म्हणत नाही.

मराठी मनाला ध्रुव तसा परका नाही. लोकमान्यांनी १९०३ साली वेदांतील दीर्घ उषांच्या वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान आर्क्टिक प्रदेशात असल्याचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. विद्वानांनी तो स्वीकारला नाही, आणि मलाही तो पटत नाही. परंतु महाविद्यालयात तो ग्रंथ वाचताना त्या कित्येक दिवसांच्या पहाटेने मला झपाटले होते. आज स्वालबार्डमध्ये, नी-ओलेसुंद येथे, आपले ‘हिमाद्री’ हे संशोधन-ठाणे आहे. ते १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी तुकडी तेथे गेली आणि लोकमान्यांनी पुण्यात बसून ताडलेली ती दीर्घ रात्र आपल्या माणसांनी प्रत्यक्ष अनुभवली.

तेथल्या कोंग्सफियोर्ड खाडीत २०१४ साली ‘इंडार्क’ नावाची वेधशाळा पाण्यात सोडली गेली. वेधशाळा म्हणजे इमारत नव्हे. तळाशी नांगर, वर तरंगक आणि मधल्या दोरावर पाण्याचे तापमान, क्षारता व प्रवाह टिपणारी उपकरणे. आपल्या घरातील यंत्रे क्षणोक्षणी एकमेकांशी बोलतात. हे बिचारे मुके राहून लिहीत असते. जहाज जाऊन ते वर काढते, तेव्हा कोठे नोंदी हाती येतात. अन्य समुद्रांत ‘आर्गो’चे सुमारे ४,००० तरंगक दोन किलोमीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येतात आणि उपग्रहाला मजकूर कळवितात. ध्रुवाजवळ मात्र डोक्यावर बर्फाचे झाकण असते.

ते झाकणच विरघळत चालले आहे. शुभ्र बर्फ ऊन परतवतो, काळे पाणी ते पिते. म्हणून १९७९ पासून आर्क्टिक जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापले आहे. १९८१ ते २०१० या काळात सप्टेंबरातील किमान बर्फ सरासरीने ६२ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास होता. २०१२ साली तो ३४ लाखांवर, म्हणजे साधारण आपल्या देशाएवढ्या क्षेत्रावर आला.

२०२१ मध्येच ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘आइसनेट’ ही संगणकप्रणाली पुढे आणली. जुन्या नोंदी व हवामानाच्या गणिती प्रतिकृती यांवरून शिकून ती सहा महिने पुढचा बर्फ सांगते. कौतुक वाटते. पण ती जेवू घातल्यावाचून बोलत नाही, आणि तिचे अन्न म्हणजे अखंड नोंदी. उपग्रहांची बर्फाची सलग नोंद १९७८ च्या अखेरीस सुरू झाली. आपले मंडळ तिच्याहून थोडे वडीलच! त्या आधीची वर्षे आता कोणतेही यंत्र परत मोजू शकणार नाही.

हे वाचल्यावर मी आपल्या मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते काढून बसलो. गणेशोत्सव बहुधा भाद्रपदात, ऐन त्याच दिवसांत येतो. कोठे ‘पावसामुळे व्यत्यय’, कोठे ‘वरुणराजाच्या कृपेने मिरवणूक रद्द’. खर्चाचा हिशेब पैशापर्यंत आहे. पाऊस किती पडला, हे कोणीच लिहिलेले नाही. त्यांत दहा वर्षे चिटणीस मीच होतो.

गेल्या जूनपासून गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आहे. रोज सकाळी साडेआठला मी वाचन घेतो. मी दौऱ्यावर असलो की सौभाग्यवती घेतात. सप्टेंबरात मी लखनौला आणि त्या माहेरी, असे दोन दिवस आले. शेजाऱ्यांनी सांगितले, पाऊस चांगला झाला. वहीत तेवढे दोन रकाने मी कोरे ठेवले आहेत.