तिसरं पिस्तूल आलं, आता विकायचं कुठलं?

(मागच्या आठवड्यातल्या भागाचं हे शब्दांकन. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे कसं"चे पंचवीस-तीस तुकडे गाळलेत.)

आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. मी टेक्सासमध्ये राहतो, माझ्याकडे दोन हँडगन होत्या, तिसरी घेतली, आणि मग ठरवायचं होतं की जुन्यांपैकी कुठली विकायची. वरवर बघितलं तर गॅजेटचाच प्रश्न. नवा फोन आला, जुन्याचं काय करायचं, तसा. मलाही आधी तसंच वाटलं होतं. शेवटी तो तसा राहिला नाही, म्हणून हा भाग करतोय.

घरात बंदूक असावी की नसावी हा वाद आज नको, त्यावर कधीतरी वेगळं बोलू. पण भारतातून ऐकणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. लायसन मिळायलाच चपला झिजतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. स्वतःची बंदूक दुसऱ्या लायसनधारकाला विकायची तर आधी लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. टेक्सासमध्ये माझ्यासारख्या ग्रीन कार्डवाल्याला (माझं लग्नामुळे झालं) अशी संख्येची मर्यादा नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला कंबरेला पिस्तूल लावायला वेगळं लायसनही लागत नाही. थोडक्यात, भारतात सरकार तुम्हाला थांबवतं. इथं बऱ्याचदा तुम्हालाच स्वतःला थांबवावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ती तीन.

पहिलं, स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर. सेकंडहँड घेतलेलं, माझं पहिलं. पाच गोळ्या, पॉइंट थ्री एट स्पेशल. नळी दोन इंचांपेक्षाही लहान, वजन साधारण चारशे ग्रॅम. घोडा आतल्या आत झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना कपड्यात अडकत नाही. दिसायला एकदम गोंडस.

दुसरं, ग्लॉक १९. हे मॉडेल १९८८ पासून बाजारात आहे. नऊ एमएम, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, नळी चार इंच. दिसायला पाण्याच्या पाइपाचा तुकडा, पण चालायला आपली जुनी स्प्लेंडर.

तिसरं, नवीन घेतलेलं सिग पी३६५. २०१८ मध्ये आलं. हेही नऊ एमएम. नळी तीन इंचांच्या जरा वर, वजन अर्धा किलोच्या आसपास, तरी मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. हे आलं तेव्हा बाजारात खळबळ झाली ती याचसाठी. इतक्या छोट्या पिस्तुलात तोवर सहा-सात गोळ्यांची सवय होती.

आता गोची बघा. सिग आकाराने रिव्हॉल्व्हरची जागा खातं आणि गोळ्यांच्या संख्येने ग्लॉकच्या जवळ जातं. म्हणजे दोन्हीपैकी कुठलंही "आता कशाला हवं" म्हणून काढता येतं. आणि दोन्ही ठेवायला कारणंही सापडतात. माणूस कारणं शोधण्यात पटाईत असतो. माझ्या आईकडे तीन कुकर आहेत, तिलाही विचारून बघा.

मी इंजिनिअर, म्हणून आधी केली एक शीट. वजन, लांबी, किंमत, सगळं टाकलं. अर्धा दिवस घालवला. उत्तर आलं नाही, कारण प्रश्नच चुकीचा होता. कुठलं पिस्तूल चांगलं हा प्रश्न नव्हताच, तिन्ही चांगली होती. प्रश्न होता, मी कुठलं वापरतो. ऑफिसात जुना कोड काढायचा असतो तेव्हा आपण काय करतो? तो किती सुंदर लिहिलाय ते बघत नाही. लॉग बघतो, गेल्या वर्षभरात त्याला कोणी हाक मारली का ते तपासतो. मग मी रेंजच्या पावत्या काढल्या.

वर्षभरात मी अठरा वेळा रेंजवर गेलो होतो. त्यातल्या चौदा वेळा ग्लॉक नेलं होतं, रिव्हॉल्व्हर फक्त तीनदा. आणि त्या तीन वेळाही दोन डबे आणून अर्धाच संपवून परत आलो होतो.

कारण सोपं आहे. छोटं आणि हलकं रिव्हॉल्व्हर खिशात सुखाचं, हातात दुःखाचं. वजन कमी म्हणजे झटका जास्त. ट्रिगर लांब आणि जड, कारण एकाच ओढीत आतला घोडा मागे जाऊन सुटायचा असतो. नळी छोटी, त्यामुळे पुढची आणि मागची खूण जवळजवळ, जरासा हात हलला की नेम भरकटतो. नवशिक्याला दुकानदार हे "सोपं" म्हणून देतात. सोपं आहे ते ठेवायला. चालवायला ते मुरलेल्या माणसाचं काम. त्यात त्याची गोळी नऊ एमएमपेक्षा महाग, म्हणजे सराव अजूनच कमी. आणि सराव नसलेलं शस्त्र कंबरेला लावणं म्हणजे पोहता येत नसताना फक्त कॉस्च्यूम घालून विहिरीच्या काठावर उभं राहणं.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला ग्लॉकच जमतं. ते छोटं मी दुसऱ्यांदा हातात घेणार नाही." विषय संपला.

म्हणजे विकायचं रिव्हॉल्व्हर. पण ते माझं पहिलं होतं ना. जे पहिलं असतं ते आपण वस्तू म्हणून ठेवत नाही, आठवण म्हणून ठेवतो. शोभेची वस्तू आठवण म्हणून कपाटात राहिली तर काही बिघडत नाही. भरता येणारी वस्तू राहिली तर तिच्यासाठी वेगळं कुलूप, वेगळी काळजी, वेगळी सवय लागते. एकाला मॅगझिन, दुसऱ्याला फिरता सिलिंडर. रिकामं आहे की नाही हे बघायची रीतही दोन्हीची वेगळी. रात्री तीन वाजता गडबडीत हात कुठल्या सवयीवर जाईल? म्हणून माझा पहिला सल्ला हा: ज्याचा सराव करत नाही ते विका. ज्याचं प्रेम वाटतं त्याचा फोटो ठेवा.

इथवर भाग संपला असता. पण मग "कुठलं"चा प्रश्न सुटला आणि "कुणाला"चा उभा राहिला.

इथं एक मित्र आहे. आपलाच, मराठी. त्याची परवानगी घेऊन बोलतोय, नाव सांगत नाही. तो एच-वन-बीवर आहे, आणि तेव्हा नुकतीच त्याची नोकरी गेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर व्हिसा बदला, नाहीतर निघा. मी ग्रुपवर सहज टाकलं होतं की रिव्हॉल्व्हर काढतोय. त्याचा वेगळा मेसेज आला, "मला दे ना. तुला विकायचंच आहे."

मी लगेच कायदा पुढे केला. कायदा तसा स्पष्ट आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. समोरच्याला बंदी आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना, त्याला विकणं हाही गुन्हा. "तू तुझ्या नावावर घे आणि मला दे" हा आपल्याकडचा उपाय तर इथं फारच महागात पडतो. २०२२ च्या कायद्यानंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी त्याला हे सगळं लिहिलं आणि मनात म्हटलं, सुटलो.

दोन दिवसांनी त्याचा परत मेसेज. "शिकारीचं लायसन असेल तर अपवाद आहे. ते ऑनलाइन निघतं. काढू का?"

बरोबर होतं त्याचं. असा अपवाद आहे खरा. माझी ढाल गेली. शिवाय टेक्सासमध्ये दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात पार्श्वभूमी तपासायची सक्ती नाही. म्हणजे आता मधे ना सरकार, ना दुकानदार. फक्त मी. सुरुवातीला म्हटलं होतं ना, स्वतःला थांबवावं लागतं. ते हे.

आणि तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. हा माणूस आयुष्यात कधी रेंजवर आला नाही. दोनदा बोलावलं तर "आवाज सहन होत नाही" म्हणाला. त्याला साठ दिवसांतल्या चाळिसाव्या दिवशी रिव्हॉल्व्हर कशाला हवंय?

मी फोन केला. सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का?" मंडळी, हे वाक्य मराठीत म्हणायला किती जड जातं ते म्हणून बघा. आपण "टेन्शन घेऊ नकोस", "होईल सगळं ठीक" असं म्हणून पुढे जातो. पण या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात की थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "रोज नाही. पण येतो."

एक गोष्ट माहीत असू द्या. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आणि बंदुकीने केलेल्या प्रयत्नांतले दहातले जवळजवळ नऊ जीव घेतात. दुसऱ्या बऱ्याच मार्गांत मागे फिरायला वेळ मिळतो, इथं नाही. वाईट घटका टळून जाते, पण त्या घटकेला हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं.

त्या संध्याकाळी त्याला घरी घेऊन आलो. पण घरी आणायचं म्हणजे काय, माझ्या घरात तीन होती! कुलपात होती, पण किल्ली कुठे असते ते घरात राहणाऱ्याला आठ दिवसांत कळतंच. म्हणून त्याला आणायच्या आधी दोन कामं केली. ग्लॉक आणि सिग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या तिजोरीत ठेवली. तो इथलाच नागरिक, पंधरा वर्षं शूटिंग करणारा. मी अर्धवट कारण सांगितलं, त्याने पुढचं विचारलं नाही. फक्त म्हणाला, "हवी तितके दिवस राहू दे."

आणि रिव्हॉल्व्हर रिकामं करून, सिलिंडर दोनदा तपासून, डब्यात बंद करून थेट डीलरकडे नेलं. खाजगीत मला तीनशे ऐंशी डॉलर मिळाले असते. डीलरने दिले दोनशे साठ. त्याने माझं ओळखपत्र बघितलं, वहीत नंबर नोंदवला. पुढे जो घेईल त्याला फॉर्म भरावा लागेल, सरकारी तपासणीतून जावं लागेल. मधले एकशेवीस डॉलर गेले असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, ती त्या नोंदीची किंमत होती. ते कुठे गेलं याचा विचार करत मी रात्री जागत नाही.

मित्र तीन आठवडे आमच्याकडे राहिला. रोज सकाळी माझ्यासोबत चालायला यायचा, मग लॅपटॉप उघडून अर्ज करायचा. एका समुपदेशकाशी बोलायला लागला, आधी कुरकुरत, मग स्वतःहून. नोकरी साठ दिवसांत मिळाली नाही. व्हिसा बदलायचा अर्ज केला आणि शेवटी तो पुण्याला परत गेला. आता तिथं काम करतो. परवा फोनवर म्हणाला, "एपिसोड कर, पण मला हिरो करू नकोस." केलं नाही, बघ.

त्या तीन आठवड्यांत नवीन घेतलेलं पिस्तूल माझ्या कंबरेला एकदाही नव्हतं. कशासाठी घेतलं होतं? जवळच्या माणसांच्या रक्षणासाठी. आणि रक्षण करायची वेळ आली तेव्हा ते घराबाहेर ठेवणं हेच करायचं होतं.

तर तुमच्यातले जे इथं आहेत आणि या फंदात आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठलं विकायचं, हे रेंजच्या पावत्यांना विचारा. कुणाला विकायचं, हे स्वतःला विचारा, आणि जरा जरी शंका असली तर डीलरकडे जा, पैसे कमी मिळू देत. घरात कोणी खचलेलं असेल तर विकायची वाट बघू नका, आधी घराबाहेर काढा. आणि ज्यांचा बंदुकीशी काही संबंध नाही, त्यांनी तो एक प्रश्न तेवढा विचारायला शिका. अमेरिकेत ९८८, भारतात टेली-मानसचा १४४१६, दोन्ही नंबर चोवीस तास चालू असतात. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

केला? बरं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि त्या बऱ्याच दिवसांत न बोललेल्या मित्राला आज एक फोन करा.